स्वच्छ किनाऱ्याची हौस

मालदीवची जवळपास बाराशे बेटं गोळा करून त्यांची जमीन मोजली, तर ती साधारण ३०० चौरस किलोमीटर भरते. सिडकोनं नवी मुंबई वसवायला घेतली तेव्हा आखलेलं क्षेत्र होतं ३४४. म्हणजे राष्ट्रपतींचं निवासस्थान, विमानतळ, मशिदी आणि रिसॉर्टं धरून एक अख्खा देश आमच्या दिघा-ऐरोलीपासून पनवेलपर्यंत मांडता येईल आणि वर पार्किंगला जागा उरेल. हिंदी महासागरातल्याच सेशेल्स या बेटांच्या देशाचंही तसंच. जमीन ४५५ चौरस किलोमीटर, वस्ती लाख-सव्वा लाखाची. त्याहून जास्त माणसं रोज सकाळी हार्बर लाइनच्या दारात उभी असतात. पण त्याच सेशेल्सच्या हक्काचा समुद्र आहे साडेतेरा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा. हे आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं, की या देशांची खरी इस्टेट पाण्याखाली आहे.

त्या इस्टेटीतला एक मोठा तुकडा म्हणजे समुद्री गवत. बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात, गुडघाभर खोलीपासून सूर्यप्रकाश पोचेल तिथवर, ते वाढतं. विमानातून पाहिलं तर निळ्या पाण्यात काळपट हिरवे डाग दिसतात. मी काही समुद्रशास्त्राची अभ्यासक नाही. बँकेत हयात घालवली आणि आता नेरूळला खाडीच्या अंगाला राहते. या डागांच्या मागे मी लागले ती एका बातमीमुळे. मालदीवमधली बरीच रिसॉर्टं हे गवत उपटून टाकतात, अशी ती बातमी होती.

कारण वाचून हसू आलं, मग आलं नाही. पाहुण्यांची तक्रार असते. पायाला बुळबुळीत लागतं. फोटोत पाणी काळं येतं. आत काहीतरी लपून बसलेलं असेल अशी भीती वाटते. ही शेवटची तक्रार अगदी बरोबर आहे, आत बरंच काही लपून बसलेलं असतं. प्रवाळाच्या खडकांवर मोठेपणी फिरणारे कितीतरी मासे लहानपण या गवतात काढतात. खेकडे, कोळंबी, शिंपले, समुद्रकाकड्या तिथे असतात. हिरवं कासव तिथे चरायला येतं. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला समुद्र हवा असतो तो पोहण्याच्या तलावासारखा, तळ दिसणारा. मग कामगार लावून ते उपटायचं, कधी त्यावर कापड अंथरायचं, कधी वरून वाळू ओतायची.

हे शेवाळ नाही, ही गोष्ट मलाही वाचूनच कळली. समुद्री गवताला खरीखुरी मुळं असतात, वाळूखालून हरळीसारखं पसरत जाणारं खोड असतं, पानं, फुलं, बिया, सगळं असतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवरच्या काही वनस्पती पुन्हा समुद्रात शिरल्या, त्यांचा हा वंश. जगभरात जेमतेम सत्तरेक जाती. फुलतं तेही पाण्याखालीच. बहुतेक जातींत परागकण पाण्याबरोबर वाहत जातात, पण कॅरिबियन समुद्रातल्या एका जातीच्या फुलांना रात्री बारीक कवचधारी जीव भेट देतात आणि अंगाला चिकटलेले पराग दुसऱ्या फुलाला पोचवतात, असं मेक्सिकोतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. बागेतल्या फुलपाखरांवर कविता लिहिणाऱ्या आपल्या भाषेत यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. जागा मोकळी आहे.

आता वाळूचं बघा. गवताची पानं लाटेचा जोर मोडतात, पाण्यातला गाळ त्यांच्यात अडकून खाली बसतो, आणि मुळांचं जाळं ती वाळू धरून ठेवतं. मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आसपास उंच. अशा बेटाभोवतीचं गवत काढणं म्हणजे आपल्या पायाखालची वाळू आपणच सैल करणं. ती सरकायला लागली की रिसॉर्टवाले पंप लावून लगूनमधली (प्रवाळाच्या कड्याआड अडलेल्या उथळ पाण्यातली) वाळू किनाऱ्यावर ओढतात, वाळूची पोती रचतात, दगडी बांध घालतात. बांधाच्या पलीकडचा किनारा मग आणखी वेगानं झिजतो. आधी फुकट मिळणारी गोष्ट मोडायला पैसे, नंतर तिची नक्कल उभी करायला पैसे. ताळेबंद बघण्यात आयुष्य गेलं असल्यामुळे मला यातला मूर्खपणा जरा जास्तच डाचतो.

२०१९ मध्ये ब्लू मरीन फाउंडेशन या संस्थेनं आणि मालदीवमधल्या लामू प्रवाळद्वीपावरच्या एका रिसॉर्टनं मिळून मोहीम काढली: तुमच्या हद्दीतलं गवत राखू, असं वचन द्या. तीसहून अधिक रिसॉर्टांनी ते दिलं. लामूच्या त्या रिसॉर्टनं आधी स्वतःचं गवत उपटणं थांबवलं होतं. आता तिथे पाहुण्यांना पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून गवतावरून पोहायला नेतात, कासवं दाखवतात. सरकारी फतवा निघण्याआधी धंद्यातल्याच लोकांनी हे केलं, याचं मला कौतुक वाटतं. संशयही वाटतो, कारण वचन मोडलं तर काय, हे वचनात नसतं.

या गोष्टीला एक तिढाही आहे, तो सांगायला हवा. जगभर समुद्री गवत घटत चाललंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत असलेल्या क्षेत्रापैकी तीस टक्क्यांच्या आसपास गेलं. मालदीवमध्ये मात्र ते वाढतंय. ब्रिटनमधल्या संशोधकांनी दोन दशकांची उपग्रहचित्रं तपासली, तर गवत तिपटीनं वाढलेलं आढळलं, आणि तेही माणसांची वस्ती असलेल्या बेटांजवळ जास्त. स्वयंपाकघरातलं खरकटं, मासळी साफ केल्यावरचा कचरा समुद्रात जातो, त्याचं खत होतं, हे त्याचं एक कारण असावं. म्हणजे ‘आमच्याकडे पूर्वी एवढं नव्हतं हो’ हे रिसॉर्टवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण पूर्वी नव्हतं म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. उलट, समुद्र चढत असताना बेटाला आपोआप मिळालेली ही राखण आहे.

मॉरिशसमध्येही हॉटेलांनी पोहणाऱ्यांच्या सोयीसाठी एका उपसागरातलं गवत काढलं होतं. तिथल्या वाळूत आणि वाळूतल्या बारीक जीवांत त्यानं काय उलथापालथ झाली, यावरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉरिशस आपल्याला अगदीच परकं नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे पणतू-खापरपणतू अजून गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याच रक्ताची माणसं अशा लगूनच्या काठी चार-पाच पिढ्या राहिलीत, आणि आपण मात्र त्या पाण्याकडे फक्त हॉटेलच्या खिडकीतून बघायला जातो.

‘आपण’ असं मी मुद्दाम म्हणते. २०२३ मध्ये मालदीवला गेलेल्या पर्यटकांत पहिला क्रमांक भारतीयांचा होता, दोन लाखांहून अधिक. पुढच्याच वर्षी समाजमाध्यमांवरच्या भांडणात बहिष्काराची टूम निघाली आणि आकडा घसरला, ते सोडून द्या. मुद्दा असा, की तिथला किनारा कसा दिसावा हे ठरवणारा डोळा आता बऱ्याच अंशी ठाणे, पुणे, सुरत, बंगळूरचा आहे. गवत उपटणारा कामगार आणि त्याला हुकूम देणारा मॅनेजर दोघंही त्या डोळ्याची मर्जी राखतात. म्हणून समुद्री गवत वाचवायचं म्हणजे आधी या डोळ्याला काय घाण वाटतं, इथे हात घालावा लागेल, असं मला वाटत आलंय. कायदे, करार, निधी हे सगळं लागतंच. पण गिऱ्हाईक नाक मुरडतंय तोवर फावडं चालूच राहणार.

या डोळ्याची मला जवळून ओळख आहे. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी पाण्याचं बिल आणि पार्किंग संपलं की तिवरांचा विषय निघतो. ओहोटीला चिखलाचा वास येतो, डास होतात, कोल्हे ओरडतात (हे खरं आहे, खाडीकाठी सोनेरी कोल्हे आहेत), आणि मुख्य म्हणजे फ्लॅट विकताना बिल्डरनं ज्याचे जास्त पैसे घेतले तो सी व्ह्यू अडतो. ‘हे एकदा साफ करून छान प्रोमेनेड का करत नाहीत?’ असं विचारणारे गृहस्थ अतिशय सज्जन आहेत. बाल्कनीतल्या मोगऱ्याला कीड लागली तर ते रात्री दहा वाजता औषध आणायला जातात. त्यांना झाडांचा तिटकारा नाही. त्यांना चिखल आवडत नाही, एवढंच.

ठाणे खाडीत समुद्री गवताची कुरणं नाहीत. पाणी इतकं गढूळ, की तळाला उजेडच पोचत नाही. इथे त्या गवताचं काम तिवरं, चिपीसारखी खाऱ्या चिखलातली झाडं आणि चिखलाचे उघडे पट्टे करतात: गाळ धरणं, भरतीचा जोर खाणं, माशांची पिलावळ सांभाळणं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला आणि त्यात डेब्रिज टाकायला बंदी घातली नसती, तर आमच्या सज्जन गृहस्थांना त्यांचं प्रोमेनेड केव्हाच मिळालं असतं. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. आता ऐरोलीहून बोटीनं फ्लेमिंगो बघायला माणसं तिकिटं काढून जातात. गुलाबी पक्षी फोटोत छान येतात. तो पक्षी मान उलटी करून ज्या चिखलातून खातो, तो चिखल मात्र फोटोबाहेर ठेवला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तलावाची भरतीच्या पाण्याची वाट बंद झाली, तलाव सुकला आणि फ्लेमिंगो मेले, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. त्यात चिखल साफ करा म्हणणारेही होते. मला ते ढोंग वाटलं नाही. चिखल आणि पक्षी यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

दुसरीकडे, कोळ्यांना निसर्गाचे पुजारी करून टाकण्याचाही मला कंटाळा आहे. दिवाळे गावच्या बाजारात माझी नेहमीची कोळीण आहे. तिला विचारलं, तर तिलाही खाडी उपसून हवी आहे. गाळ इतका साचलाय, की ओहोटीला होडी जेट्टीपर्यंत येत नाही, नवरा भरतीची वाट बघत बसतो आणि म्हावरं शिळं होतं. ‘तिवरं नकोत असं नाय, पण वाट तर पायजे ना?’ ती म्हणाली आणि चिंबोऱ्यांचा भाव जराही कमी केला नाही.

तिचं बोलणं मला आठवलं ते लक्षद्वीपबद्दल वाचताना. तिथल्या लगूनमध्ये दाट गवत होतं आणि त्यात मासळी. हिरवी कासवं कायद्यानं संरक्षित. त्यांची संख्या आगत्तीच्या लगूनमध्ये इतकी वाढली, की त्यांनी गवत मुळापर्यंत कुरतडलं. एका बेटाचं कुरण संपलं की कळप पुढच्या बेटाच्या लगूनमध्ये. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक हा प्रकार वर्षानुवर्षं नोंदवत आलेत. गवत गेलं तशी त्यातली मासळी गेली आणि कोळी कासवांवर चिडले. आता बोला! एक जीव वाचवायचा तर दुसरा जातो, आणि मधे माणसाचं जेवण.

कासवांना आवर घालणारा प्राणी म्हणजे शार्क, विशेषतः टायगर शार्क, आणि तोच जगभर मारला गेला. अमेरिकेजवळच्या बहामाज या बेटांच्या देशानं मात्र १९९३ मध्ये लांब दोराच्या गळांनी होणारी मासेमारी बंद केली आणि २०११ मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखीव केला. तिथे शार्क टिकले. मग संशोधकांनी टायगर शार्कच्या पाठीवर कॅमेरे आणि यंत्रं बसवली. शार्क ज्या उथळ पठारावर फिरत होते तिथे मैलोन् मैल गवत दिसलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की बहामाजमध्ये ६६,००० ते ९२,००० चौरस किलोमीटर समुद्री गवत असावं. आपला सगळा कोकण, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, तीस हजारांच्या थोडा वर आहे. एवढं मोठं कुरण उपग्रहांना नीट मोजता आलं नव्हतं. ज्याला बघून माणसं किंचाळत पाण्याबाहेर पळतात, त्या प्राण्यानं मोजणीला हातभार लावला.

मोजणी ही किरकोळ गोष्ट वाटते, पण तिच्याशिवाय राखण होत नाही. जमीन सातबाऱ्यावर नसेल तर ती कुणाचीही असते, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. सेशेल्सनं २०२१ मध्ये आपल्या हवामान आराखड्यात सांगितलं, की २०३० पर्यंत देशातलं सगळं समुद्री गवत आणि कांदळवन संरक्षित करू. पण ते आहे कुठे, याचा नीट नकाशाच नव्हता. उपग्रहचित्रं, पाणबुडे, विद्यापीठातली मुलं यांच्या मदतीनं तो करावा लागला. ही कुरणं समुद्रतळाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग व्यापतात आणि तरी समुद्रतळात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनचा दहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा त्यांच्या वाट्याचा मानतात. म्हणून आता सगळ्यांना त्यात रस आहे. यातलं मला खटकतं ते एवढंच: धूर काढतात मोठे देश, आणि जपून ठेवण्याची वचनं द्यायची त्या बेटांनी, ज्यांच्या धुराचा हिशेब दशांशानंतर सुरू होतो.

सेशेल्सची आणखी एक गोष्ट माझ्या जुन्या नोकरीमुळे मला फार आवडते. देश कर्जात बुडालेला. २०१६ मध्ये द नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं पैसे उभे केले आणि त्या देशाचं सुमारे २ कोटी १६ लाख डॉलरचं परदेशी कर्ज सावकार देशांकडून थोड्या सवलतीत सोडवून घेतलं. आता सेशेल्स हप्ते फेडतो ते देशातल्याच एका विश्वस्त निधीकडे, आणि त्यातला भाग समुद्र राखायला जातो. बदल्यात आपल्या समुद्राचा ३० टक्के हिस्सा राखीव करण्याचं वचन. २०२० मध्ये ते पूर्ण झालं. आमच्या शाखेत थकलेल्या कर्जदाराला मी कधी म्हटलं असतं, की बाबा, हप्ता माझ्याकडे नको, तुझ्या बांधावरच्या झाडांवर खर्च कर, तर ऑडिटरनं मला घरी पाठवलं असतं. पण गणित चोख आहे.

कर्ज उलट्या दिशेनंही काम करतं. मालदीवनं राजधानी माले शहराची गर्दी कमी करायला १९९७ पासून समुद्रात भर घालून हुलहुमाले वसवलं. मुंबईची गर्दी कमी करायला वसवलेल्या शहरात राहून त्यावर बोट दाखवायला माझी जीभ रेटत नाही; माणसांना राहायला जागा लागते. पण दक्षिण टोकाच्या अड्डू शहरातला भराव बघा. तिथलं लगून उपसून त्याच वाळूनं नवी जमीन तयार केली, आणि प्रवाळ व समुद्री गवताची कुरणं या कामात गाडली जातील, हे प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातच लिहिलेलं होतं. या कामाला पैसा आला भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून. ही बातमी वाचली त्या दिवशी मी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले, आणि लगेच खाली लिफ्टच्या दुरुस्तीचा निरोप.

१ मार्च हा जागतिक समुद्री गवत दिन आहे. श्रीलंकेच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी तो २०२२ मध्ये ठरवला. आपल्याकडे महिला दिनाच्या सेलच्या जाहिरातींत तो कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या घणसोलीच्या भाचीचं लग्न ठरलंय आणि हनिमून मालदीवला. तिनं मला रिसॉर्टांचे फोटो पाठवले: ‘मावशी, पाणी बघ ना, एक डाग नाही!’ मी तिला म्हटलं, जा की, पण बुकिंग करण्याआधी त्यांना एक मेल टाक. तुमच्या किनाऱ्याजवळ समुद्री गवत आहे का आणि तुम्ही ते काढता का, एवढंच विचार. तिला वाटलं मावशीचं डोकं फिरलंय, तरी तिनं दोन-चार ठिकाणी मेल टाकले. एकाचं उत्तर तासाभरात आलं. अजिबात काळजी करू नका, आमचं लगून रोज सकाळी स्वच्छ केलं जातं, गवताचं पातंही सापडणार नाही, हवं तर लेखी देतो. दुसऱ्या एका ठिकाणाहून तिथल्या सागरी जीवशास्त्रज्ञ मुलीनं लांबलचक उत्तर लिहिलं, कासवांचे फोटो जोडले, आणि गवतावर उभं राहू नका अशी आधीच विनंती केली. तिथला दर रात्रीमागे बराच जास्त आहे.

भाचीला कासवं हवी आहेत. होणाऱ्या जावईबापूंचा सवाल आहे, की गवत बघायला एवढे पैसे कशाला, आमच्या मुरबाडला फुकट आहे. परवा दोघं घरी येऊन गेले, तेव्हा बराच वेळ यावर खल झाला. शेवटी त्यांनी तोडगा काढला: फरकाची रक्कम मावशींनी आहेर म्हणून द्यावी. मी मुदत मागून घेतली आहे.